बॅग भरताना विचारायचा एकच प्रश्न

उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही फ्लाय फिशिंग ट्रिपचं बुकिंग केलं की आठ-दहा दिवसांत लॉजकडून एक यादी येते. काय काय आणावे! दोन पानं, बारीक टाइप, पन्नास-साठ वस्तू. त्यात पासपोर्ट असतो, बारा वेटचा रॉड असतो, नेलकटर असतं आणि संध्याकाळी जेवताना घालायचा कॉलरवाला शर्टसुद्धा असतो. सगळं एकाच फॉन्टमध्ये, एकाखाली एक. जणू पासपोर्ट विसरला काय आणि कॉलरवाला शर्ट विसरला काय, सारखंच!

माझा या याद्यांवर राग आहे. त्या चुकीच्या असतात असं नाही, पण सपाट असतात. ज्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बग 'पी-वन' असतो, तिथे खरं तर एकही बग पी-वन नसतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी भोगलेलं आहे. बॅगेचंही तसंच. सगळंच महत्त्वाचं म्हणून माणूस सगळंच कोंबतो, आणि ज्या चार वस्तू दोन-दोन हव्या होत्या त्या एकेकच राहतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण 'फ्लाय फिशिंग म्हणजे ते घोड्यावरचं का रे?' असं मला खरंच विचारलं गेलंय (ते पोलो!).

साध्या गळाला वजन असतं ते आमिषाचं किंवा शिशाचं. ते फेकलं की दोर त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये बरोबर उलटं. फ्लाय म्हणजे छोट्या हुकवर पिसं, केस, चकचकीत दोरे बांधून तयार केलेला खोटा किडा, खोटी कोळंबी किंवा खोटा खेकडा. त्याला वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन दोरात असतं. प्लॅस्टिकचा थर चढवलेला जाडसर दोर काठीने हवेत मागे-पुढे खेळवायचा आणि सोडायचा. तो उलगडत जातो आणि टोकाचा फ्लाय अलगद पाण्यावर उतरतो. निदान तसं अपेक्षित असतं.

मी ह्यूस्टनमध्ये नोकरी करतो. हा नाद लागला तो टेक्सासच्याच किनाऱ्यावर, पोर्ट अरान्ससजवळच्या उथळ खाड्यांत रेडफिशच्या मागे. तिथून पुढची पायरी म्हणजे बेलिझ. विमानाने अडीच-तीन तास. मेक्सिकोच्या खाली, कॅरिबियन समुद्राला लागून असलेला चिमुकला देश, इंग्रजी बोलणारा, आणि समोर शेकडो किलोमीटर लांब प्रवाळाची भिंत. या भिंतीच्या आत मैलोन् मैल गुडघाभर पाणी. त्याला फ्लॅट्स म्हणतात. भरतीबरोबर तिथे बोनफिश चरायला येतो. तो दिसायला चांदीचा. त्याच्या अंगावर तळाचंच प्रतिबिंब पडतं, त्यामुळे पुष्कळदा मासा दिसत नाही, त्याची सावली दिसते. वजन दोन-चार पौंड, पण हुक लागला की दोर असा काही सुटतो की रिळाचा नुसता किंकाळीसारखा आवाज येतो.

आणि मग त्याला सोडून द्यायचं. बेलिझमध्ये २००९ पासून बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तिन्ही मासे पकडल्यावर परत सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हे ऐकून माझा मालवणचा मित्र दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "मेल्या, एवढे पैसे खर्च करून मासो पकडतंस आणि परत पाण्यात सोडतंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. असो.

आता मुद्द्याचं. मला वर्षाला पंधरा सुट्ट्या मिळतात. त्यातल्या दहा पुण्याला जाण्यात संपतात, आणि संपायलाच हव्यात. उरल्या पाच. बोट आणि गाईडचे दिवसाला काही शे डॉलर जातात. बेलिझ सिटीला उतरलं की डझनभर माणसांचं छोटं विमान, त्यात सामानाच्या वजनावर मर्यादा, आणि विमान भरलं तर बॅग पुढच्या फेरीने. मग पुन्हा बोट. सॅन पेद्रोसारख्या गावात थोडंफार सामान मिळेलही, पण तुम्ही टर्नेफच्या कंकणद्वीपावर किंवा दक्षिणेकडच्या एखाद्या बेटावर असाल, तर सकाळी सात ते दुपारी चार तुमच्याकडे जे आहे तेवढंच जगात आहे. म्हणजे आपल्या भाषेत, प्रॉडक्शन सिस्टिम आहे, सपोर्ट नाही, आणि एकेक तास मोजून विकत घेतलेला.

अशा ठिकाणी बॅग भरताना मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारतो. ही वस्तू तिथे बिघडली, तुटली किंवा हरवली, तर माझा दिवस संपतो का?

संपत असेल तर ती वस्तू दोन. संपत नसेल तर एक. आणि गाईडकडे किंवा शेजाऱ्याकडे मिळणारी असेल तर शून्य. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर शोधायचा आणि तेवढ्याचाच बॅकअप ठेवायचा. ऑफिसात हेच करण्याचे आपल्याला पैसे मिळतात, पण घरी सुटकेस उघडली की सगळं शहाणपण पलंगाखाली जातं.

या प्रश्नाची गंमत अशी की वस्तूची किंमत आणि तिचं महत्त्व यांचा काही म्हणता काही संबंध उरत नाही.

सगळ्यात वरचा नंबर लागतो चष्म्याचा. रॉडचा नाही! हा सगळा खेळ मासा दिसण्यावर आहे. गाईड बोटीच्या मागच्या उंच फळीवर उभा राहून लांब बांबूसारख्या काठीने बोट ढकलत असतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या हिशोबाने ओरडतो, "अकरा वाजता, चाळीस फूट!" तुमच्या हातात चार-पाच सेकंद असतात. त्यात तुम्हाला मासा दिसला नाही, तर हजार डॉलरचा रॉड आणि बाजारातली वेळूची काठी यांत काही फरक नाही. बारावीच्या फिजिक्समधला ब्रूस्टरचा कोन आठवतोय? पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेत पोलराइज्ड असतो, आणि सुमारे ५३ अंशाच्या कोनाला तर जवळजवळ पूर्णपणे. पोलराइज्ड काच नेमका तो आडवा प्रकाश अडवते. चकाकी जाते आणि खालची वाळू, गवत, सावली दिसायला लागते. तेव्हा मार्कांसाठी पाठ केलेलं हे प्रकरण आयुष्यात असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. काच तांबूस रंगाची घ्यावी, उथळ पाण्यात तळ आणि मासा यांतला फरक तिच्यातून चांगला उठून दिसतो. आणि ज्यांना माझ्यासारखा नंबर आहे त्यांनी नंबरचीच पोलराइज्ड काच करून घ्यावी, दोन जोड्या. वाऱ्यात भरकटलेला हुक डोळ्यापर्यंत येऊ शकतो, त्यामुळे ही काच हेल्मेटचंही काम करते.

दुसरा नंबर पायांचा. लांबून फ्लॅट्स म्हणजे मऊ वाळू वाटते. प्रत्यक्षात त्यात मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात, सी अर्चिनचे काटे असतात आणि वाळूत अंग लपवून बसलेली पाकटं असतात. पाकटाच्या शेपटीचा काटा काय करतो ते कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. म्हणून पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे पाकट आधीच पळून जातं. आणि बूट जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे. बीचवरच्या चपला किंवा जाळीचे स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. बुटात बारीक वाळू शिरून पायाची साल निघाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही बोटीतच बसता. बुटांची दुसरी जोडी न्यायला जागा नसते, पण मोज्यांच्या तीन जोड्या आणि चिकटपट्टीचं एक बंडल यांना वजन ते किती?

तिसरी कातडी. आपण सावळे आहोत, आपल्याला ऊन लागत नाही, हा आपल्याकडचा एक लाडका गैरसमज. विषुववृत्ताकडचं ऊन वरून येतं तसंच पाण्यावरून उलटूनही येतं, हनुवटीखाली, कानामागे, नाकपुड्यांच्या आतल्या कडेला. त्यावर उपाय कापडाचा. पूर्ण बाह्यांचा, टोपडं असलेला पातळ शर्ट, तोंडावर ओढायची नळीसारखी पट्टी, बोटं उघडी असलेले हातमोजे. कापड घामाने धुऊन जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. सनस्क्रीन उरलेल्या इंचभर जागेपुरतं.

इथे एक केमिस्ट्रीची सूचना. डासांसाठी आणि सॅन्डफ्लाय नावाच्या त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सैतानांसाठी आपण डीट असलेलं औषध चोपडतो. डीट काम चोख करतं, पण ते बऱ्याच प्रकारची प्लॅस्टिकं विरघळवतं. आणि फ्लायचा दोर म्हणजे प्लॅस्टिकचाच थर. चष्म्याच्या काचाही बहुतेक प्लॅस्टिकच्या. म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या दोन महत्त्वाच्या वस्तू मारायच्या! पिकारिडिन असलेलं औषध न्यावं, ते प्लॅस्टिकला त्रास देत नाही. यादीत नुसतं 'डासांचं औषध' लिहिलेलं असतं. कुठली वस्तू कुठल्या वस्तूला खाते, हे कुठलीच यादी सांगत नाही.

आता हत्यारांकडे येऊ, ज्यांच्यावर सगळ्यांचा जीव असतो. बोनफिशला आठ वेटचा रॉड. परमिटसाठी नऊ किंवा दहा. एवढे दोन रॉड न्यावेत. नवाने बोनफिशही पकडता येतो, त्यामुळे एक मोडला तर दुसरा आहेच. टार्पनचा अकरा-बारा वेटचा धोटा फक्त टार्पनसाठीच जाणार असाल तर न्या, नाहीतर गाईडकडे विचारा, पुष्कळदा त्याच्याकडे असतो. दोर मात्र जास्तीचा हवाच, आणि तोही 'ट्रॉपिकल' असं लिहिलेला. थंड पाण्यासाठी केलेला दोर तिथल्या उन्हात मऊ पडतो, चिकटतो, रॉडच्या कड्यांमधून सरकेनासा होतो. त्यातून प्रवाळावर घासून दोर कापला जाणं ही रोजची गोष्ट. जास्तीचा दोर मुठीत मावतो. जास्तीचं भारी रीळ मावत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

फ्लाय किती न्यावेत यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझा हिशोब सरळ आहे. फ्लाय मासा येण्याआधी तळाला पोचला पाहिजे, म्हणून पाण्याच्या खोलीप्रमाणे तीन वजनं. बिनवजनाचे, साखळीच्या मण्यांचे डोळे असलेले आणि धातूचे जड डोळे असलेले. तळाच्या रंगाप्रमाणे तीन रंग. तीन त्रिक नऊ, प्रत्येकाचे चार, झाले छत्तीस. परमिटसाठी डझनभर खेकडे. संपला विषय. बहामातल्या अँड्रॉस बेटावर १९७७ च्या सुमारास जन्मलेला 'क्रेझी चार्ली' हा फ्लाय अजूनही जगभर चालतो. चारशे फ्लायचा डबा नेला तरी गाईड तो बघून गोड हसतो आणि स्वतःच्या टोपीला टोचलेला एक काढून देतो. त्याचं पाणी आहे, त्याला माहीत असणारच.

आता हे सगळं कुठल्या बॅगेत? याचं उत्तर डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल. मूळ प्रत आणि बॅकअप एकाच डिस्कवर ठेवत नाहीत. चष्म्याची एक जोडी हाताच्या बॅगेत, दुसरी चेक-इनमध्ये. एक रॉड, एक रीळ आणि एक दिवसाचे कपडे आपल्याबरोबर. (चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड नळीत घातला की अडीच फुटांच्या आसपास होतो, तरी एअरलाइनची मर्यादा आधी बघून घ्या.) हुक आणि पक्कड मी चेक-इनमध्येच टाकतो. कारण जाताना एका देशाचे नियम असतात, येताना दुसऱ्याचे, आणि शेवटचा शब्द एक्स-रे मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाचा. औषधं अर्थातच हाताशी.

आणि कागद! एच-वनवर असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असताना थोड्या दिवसांसाठी कॅनडा-मेक्सिकोला जाऊन परत येण्याची जी सवलत असते, ती बेलिझला लागू नाही. नकाशावर शेजारी दिसतं म्हणून फसू नका. मासा सुटला तर पुढच्या वर्षी मिळेल. तिथे अडकलात तर दिवसच काय, नोकरीसुद्धा संपू शकते. 'बिघडलं तर काय संपतं' या प्रश्नाचं सगळ्यात जड उत्तर हेच, आणि त्याचं वजन फक्त काही ग्रॅम.

एवढं सगळं साधं आहे तर मग बॅगा फुगतात कशाने? माझं मत, भीतीने. आणि बाजाराला ती भीती बरोबर ओळखता येते. आपण तिथे नवखे ठरू, गाईड हसेल, मासा मिळणार नाही, या प्रत्येक भीतीवर एक वस्तू विकायला ठेवलेली असते. कास्टिंगचा सराव करायला रोज वीस मिनिटं लागतात, रॉड एका क्लिकवर येतो. आपल्या पिढीकडे पैसा थोडा जास्त आहे आणि वेळ थोडा कमी, त्यामुळे आपण क्लिक करतो. पण समोरून वारा असताना चाळीस फुटांवर दुसऱ्या फेकीत दोर टाकता येणं, हे कुठल्याच सुटकेसमध्ये भरता येत नाही.

आणि ही भीती आपल्याला नवी नाही. पहिल्यांदा ऑनसाइटला निघालेल्या माणसाची बॅग आठवा. तेवीस किलोच्या दोन. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, मग वजाबाकी. कुकर, गोडा मसाला, मेतकूट, स्वेटर, आणि 'असू दे रे' या सदरातल्या अकरा वस्तू. इथे येऊन बघावं तर इंडियन स्टोअरमध्ये यातलं बहुतेक सगळं हजर. पण त्याच बॅगेत आईने आग्रहाने करून घेतलेली चष्म्याची दुसरी जोडीही असायची. अमेरिकेत चष्मा करायला किती पडतात हे कळलं की त्या जोडीची किंमत कळते. कुकर ही भीती होती, चष्मा हा विचार होता. एकाच माऊलीने दोन्ही भरलेलं असतं, म्हणून फरक पटकन लक्षात येत नाही इतकंच.

याच्या उलट टोकाला 'मी तर एका सॅकमध्ये जातो बुवा' म्हणणारे असतात. त्यांचंही मला फारसं पटत नाही. कमी सामान हा काही पराक्रम नव्हे. एकच चष्मा घेऊन जाणारा माणूस साधा नसतो, तो नशिबावर चालणारा असतो. आणि त्याचा चष्मा फुटला की तो इतरांच्या दुसऱ्या जोडीवर चालतो.

शेवटचा मुद्दा, माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. हा प्रश्न फक्त आपल्या दिवसाचा नाही. पाण्याच्या त्या टोकाला आणखी एक जीव आहे, आणि त्याचाही दिवस आपल्या बॅगेवर ठरतो.

बहामात झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोडलेल्या बोनफिशांचं पुढे काय होतं ते बघितलं गेलं. सोडताना ज्या माशांचा तोल गेलेला होता, म्हणजे जे सरळ पोहूच शकत नव्हते, ते शार्क-बॅराकुडाच्या तोंडी पडण्याची शक्यता सहापटीहून जास्त निघाली. आपण तर सोडला म्हणून पुण्य पदरात घेऊन मोकळे झालेलो असतो! मासा फार वेळ खेळवला, पाण्याबाहेर फोटोसाठी धरून ठेवला, कोरड्या हातांनी त्याचा बुळबुळीत थर पुसला, की तो दमतो. मग 'सोडून देणं' हे नुसतं नाव उरतं.

आता यासाठी बॅगेत काय लागतं बघा. हुक पटकन काढायला आणि त्याचा उलटा काटा आधीच दाबून टाकायला एक चांगली पक्कड. मासा लवकर आत आणता येईल असा पुरेसा मजबूत नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन. आणि ओले हात, जे फुकट आहेत. बस. याद्यांमध्ये पक्कड चाळिसाव्या नंबरावर असते, कॅमेऱ्याच्या खाली. माझ्या यादीत ती चष्म्याच्या खालोखाल आहे, आणि अर्थातच दोन.

यात भावनेइतकाच व्यवहारही आहे. तिथले पुष्कळ गाईड मासेमारी करणाऱ्या घरांतले. जिवंत बोनफिश पुन्हा पुन्हा गळाला लागतो, म्हणून त्यांच्या घरात पुन्हा पुन्हा पैसा येतो. बेलिझने २०२० मध्ये गिलनेट, म्हणजे माशांना कल्ल्यांशी अडकवणारी जाळी, बंद केली. त्यांनी आपल्या बाजूने एवढं केलंय. आपल्याला फक्त एक पक्कड न्यायचीय.

तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी सगळं जमिनीवर मांडा. प्रत्येक वस्तू उचला आणि तो प्रश्न विचारा. माझा अनुभव असा की साठातल्या जेमतेम आठ-दहा वस्तू दिवस संपवणाऱ्या निघतात. कागद, चष्मा, बूट, ऊन अडवणारे कपडे, दोर, पक्कड, औषधं. त्यांची काळजी घ्या, शक्य त्या दोन घ्या, वेगवेगळ्या बॅगांत टाका. गाईडच्या टीपसाठी रोख पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि येताना उरलेले फ्लाय आणि न वापरलेला दोर त्याला देऊन या. त्याला तिथे ते सहज मिळत नाही, आणि आपली बॅगही हलकी होते.

बाकीच्या पन्नास वस्तूंमधून काय न्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कॉलरवाला शर्ट मी नेत नाही. आजवर जेवायला कुणी नाही म्हटलेलं नाही.